थंड समुद्रासाठी जुनी स्टीलची शिडाची बोट घेताय? आधी फळ्या उचला

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये चौदा वर्षं काढली. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून हॉलंडमधून एक जुनी ३८ फुटी स्टीलची केच घेतली, केच म्हणजे दोन डोलकाठ्यांची, मागची काठी छोटी, आणि गेले तीन उन्हाळे ती नॉर्वेच्या किनाऱ्यानं थोडी थोडी वर सरकवतोय. घेण्याआधी पावणेदोन वर्षं नुसती शोधण्यात आणि चुकण्यात गेली. इंग्रजीत या विषयावर ढीगभर वाचायला मिळतं पण ते सगळं युरोपियन नाहीतर अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी लिहिलेलं, त्यांना व्हिसाचे दिवस मोजावे लागत नाहीत आणि पैसे बाहेर पाठवायला बँकेत फॉर्म भरावा लागत नाही. आता गावातली, मुंबईतली, पुण्यातली बरीच पोरं फोन करून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा, स्टीलची बोट आतून मरते. बाहेरचा गंज सगळ्यांना दिसतो, माणूस खरवडतो, रंग मारतो. आतला केबिनच्या जमिनीच्या फळ्यांखाली, टाकीमागे, थंडी अडवणाऱ्या फोमच्या मागे वर्षानुवर्षं गुपचूप पत्रा खात बसतो. त्यामुळे खाली तपासणीवर मी जास्त लिहिलंय आणि बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्यात.

१. आधी दिवस मोजा, मग बोट शोधा

हे आम्ही उलटं केलं आणि त्यात एक पूर्ण उन्हाळा गेला. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, मिळाला तरी कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. नॉर्वे आणि आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत, म्हणजे हॉलंड, डेन्मार्क, नॉर्वे सगळं मिळून तेच ९० दिवस. बोटीचं काम करायला यार्डात काढलेले दिवससुद्धा त्यातच मोजले जातात हे विसरू नका.

स्वालबार्ड, म्हणजे उत्तर ध्रुवाकडची बेटं, नॉर्वेचंच पण शेंगेनच्या बाहेर, तिथं व्हिसा लागत नाही. पण जायला आणि परतायला नॉर्वेच्या मेनलँडवरूनच वाट, म्हणून व्हिसा डबल किंवा मल्टिपल एंट्रीचाच पाहिजे. सिंगल एंट्रीवर गेलात तर वर जाल, खाली यायचे वांधे. आणि मेनलँड सोडताना पोलिसांकडून बाहेर पडल्याची नोंद करून घ्या, नाहीतर तुमचे दिवस चालूच राहतात. ग्रीनलँड पण शेंगेनमध्ये नाही, तिथं डॅनिश व्हिसावर ग्रीनलँडसाठी वैध असा वेगळा उल्लेख लागतो.

अंटार्क्टिकाचं स्वप्न असेल तर आपल्याकडे २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आहे, परमिटशिवाय जायचं नाही. पण पहिल्या बोटीला अंटार्क्टिका डोक्यात घेऊच नका, आधी नॉर्वे करा.

२. स्टीलच पाहिजे का, हे स्वतःला विचारा

गोव्यात मांडवीवर बांधलेली म्हादेई ही शिडाची बोट फायबरची, लाकडी गाभ्याची, आणि २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यामुळे थंडी म्हटली की स्टीलच, असं काही नाही. नुसता नॉर्वेचा किनारा करायचा असेल तर चांगली फायबरची बोट पुरते, कारण अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे तिकडचा किनारा हिवाळ्यातसुद्धा गोठत नाही.

स्टीलचा फायदा कुठं, तर जिथं नकाशे अपुरे आहेत, खडक आहेत, तरंगता बर्फ आहे, आणि जवळ यार्ड नाही. फायबर फुटतं, स्टीलला पोचा पडतो. आणि वेल्डिंग करणारा माणूस जगातल्या कुठल्याही मासेमारी बंदरात मिळतो. फ्रेंच दर्यावर्दी मोआतेसिए यांची लाल बोट जोशुआ स्टीलचीच होती, तीच १९६८-६९ मध्ये दक्षिण महासागरातून दीड फेरी मारून आली. ॲल्युमिनियम हलकं आणि रंगाशिवाय राहतं म्हणून अजून चांगलं, पण जुनीसुद्धा महाग आणि वेल्डिंगला हात तयार पाहिजे.

तोटा म्हणजे वजन. एक चौरस मीटर पत्रा, एक मिलिमीटर जाडीचा, ७.८५ किलो भरतो, म्हणजे चार मिलिमीटरचा झाला साधारण ३१ किलो. म्हणून ३५ फुटांच्या खाली स्टीलची बोट मला तरी पटत नाही, ती जड आणि मंद होते. आणि कोणी स्टीलचीच उंच केबिन आणि वर लोखंडी फ्रेम वगैरे चढवली असेल तर वजन वर जातं, ते धोक्याचं. लवंडल्यावर किती अंशापर्यंत स्वतः उभी राहते तो आकडा मागा, लांबच्या प्रवासाला १२० अंशांच्या वर असावा असं साधारण धरतात.

३. शोधायची कुठं

हॉलंड. दुसरीकडे पण मिळतात, पण स्टीलच्या बोटी बांधायची खरी परंपरा तिथं, आणि आयसलमेर हे मोठं तळं, फ्रीसलँड प्रांतातले कालवे आणि तळी, हे सगळं गोडं पाणी. गोड्या पाण्यात आयुष्य काढलेला हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं धड, खाऱ्यातल्यापेक्षा बराच बरा निघतो. कूपमान्स, व्हान द स्टाट या डिझायनरांची नावं जाहिरातीत दिसली की थांबून वाचा.

घरच्या अंगणात बांधलेल्या बोटी पण खूप दिसतील, ब्रूस रॉबर्ट्सच्या प्लॅनवरच्या वगैरे. त्यातल्या काही फार प्रेमानं बांधलेल्या असतात, काही अगदीच कामचलाऊ. मालकाला एकच प्रश्न विचारा, रंगाआधी पत्रा आतून-बाहेरून सँडब्लास्ट, म्हणजे वाळूच्या फवाऱ्यानं घासून साफ, केला होता का. नवीन पत्र्यावर कारखान्यातली एक निळसर काळी पापडी असते, मिल स्केल म्हणतात. ती न काढता रंग मारला तर पुढे जिथं पापडी निघते तिथं उघड्या लोखंडाला खोल खड्डे पडतात. ब्लास्ट केलेलं असेल तर मालक फोटो दाखवतोच, त्याला त्याचा अभिमान असतो.

४. विमानाचं तिकीट काढण्याआधी घरीच हात बसवा

आपल्याकडे फणस तयार झाला का ते कसं बघतात? थापटी मारून. कच्चा एक आवाज देतो, पिकलेला जड, दबका देतो. स्टीलचं अगदी तसंच आहे. छोट्या हातोडीनं हलक्या टिचक्या मारत जायचं, चांगला पत्रा टण्ण वाजतो आणि हातोडी उसळून परत येते, खाल्लेला पत्रा थप्प वाजतो आणि हातोडी उसळत नाही. हे वाचून कळत नाही, हातानं करावं लागतं. मी गोव्यात मांडवीकाठच्या एका यार्डात ओळखीनं दोन दिवस घालवले, खनिज वाहणाऱ्या बार्ज तिथं दुरुस्तीला चढवलेल्या असतात, जुने पत्रे कापून बाजूला टाकलेले. त्या तुकड्यांवर हातोडी मारायची आणि मग कापलेल्या कडेला किती जाडी उरलीय ते डोळ्यांनी बघायचं. दोन दिवसांत कान तयार झाला. कोकणातल्या माणसाला ही सोय घरापासून काही तासांवर आहे, वापरा.

सोबत न्यायचं सामान: २०० ग्रॅमची हातोडी, दणकट स्क्रूड्रायव्हर, डोक्याला लावायचा टॉर्च, दांडीवाला आरसा, चुंबक (पत्र्यावर पुट्टी भरलेली असली तर चिकटत नाही), मल्टिमीटर, बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, खडू, जुना बॉयलर सूट. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर सर्व्हेयरकडे, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणाऱ्याकडे, असतं पण स्वतःचं स्वस्तातलं घेतलंत तर वाया जात नाही.

५. बोटीवर पोचल्यावर

पहिली गोष्ट, वर डेकवर वेळ घालवू नका. शिडं, विंच, नवीन चकचकीत स्क्रीन, हे सगळं पैसे टाकून बदलता येतं. सरळ खाली जा आणि फळ्या उचला. एखादी फळी स्क्रूनं बंद केली असेल तर स्क्रू काढू द्या म्हणून सांगा. नाही म्हणाला तर धन्यवाद म्हणून निघा.

आम्ही बघितलेली पहिली बोट गडद निळी, नुकता रंग मारलेली, फोटोत तर अशी दिसायची की मावसभावानं तिचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. विकणाऱ्या दलालानंच सुचवलेल्या सर्व्हेयरचा रिपोर्ट हातात होता, सगळीकडे पत्रा उत्तम. मी संडासाच्या केबिनमध्ये गुडघ्यावर बसलो, शॉवरचा ट्रे उचलला, खाली ओल आणि कुबट वास. पांढऱ्या रंगाला रुपयाएवढा फुगवटा होता. त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर पण नाही दिला, आणि तो आत गेला. थांबला तेव्हा दांड्याचा अर्धा भाग आत होता आणि भोकातून तपकिरी पाणी यायला लागलं. बोट यार्डात स्टँडवर होती म्हणून बरं. रिपोर्ट बाहेरून मोजलेल्या मोजक्या जागांचा होता, ट्रेच्या खाली कोणी गेलंच नव्हतं. त्या दिवसापासून दलालानं सुचवलेला सर्व्हेयर मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, स्वतः शोधा, दुसऱ्या गावाचा घ्या आणि त्याचे पैसे तुम्हीच द्या.

कुठं कुठं बघायचं ते सांगतो. नांगराच्या साखळीची पेटी, तिथं मीठ, चिखल आणि घासणं तिन्ही एकत्र, त्यामुळे तिथून सुरुवात करा. मग शॉवर आणि संडासाखाली. फ्रीजच्या खाली. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्यांमागे, आरसा घालून. खिडक्यांच्या खालच्या कडेला, कारण गळलेलं पाणी तिथून आत फोममागे उतरतं. मोठ्या डोलकाठीच्या बुडाशी. बॅटऱ्यांच्या खाली.

आडव्या फासळ्यांना खाली छोटी भोकं असतात, पाणी वाहत बिल्जच्या, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या, सगळ्यात खोल जागी यावं म्हणून. ती मोकळी आहेत का बघा. एक जरी बुजलं असलं की मागे पाणी साचतं आणि नेमका तिथलाच पत्रा जातो, आमच्या बोटीत एका भोकात बांधतानाचा वेल्डिंग रॉडचा तुकडा अडकलेला होता आणि फक्त त्याच कप्प्यात दीड मिलिमीटर पत्रा गेला होता, शेजारचे कप्पे नव्यासारखे.

आता घाबरायचं कधी आणि नाही कधी. खारी बिस्किटासारखे जाड पापुद्रे निघाले तर लगेच हात झटकू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे पापुद्रा जाड दिसला तरी खाली पत्रा बऱ्यापैकी शिल्लक असू शकतो, खरवडा आणि मोजा. उलट पाण्याखालच्या भागात स्वच्छ, चकचकीत, वाटीसारखे गोल खड्डे दिसले तर ते जास्त वाईट, ते विजेचं काम. बोटीतली वायर कुठंतरी हलला लागतेय किंवा मरीनाच्या किनाऱ्यावरच्या विजेतून करंट येतोय. त्यासाठी तो बल्ब. किनाऱ्याची वीज काढा, बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हलच्या उघड्या लोखंडाला लावा. पेटला तर मायनस कुठंतरी हलला जोडलेली आहे. मग एक टोक मायनसला लावून बघा, आता पेटला तर प्लस लागलेली, आणि ते फारच वाईट. दोन्ही वेळा बंद राहिला पाहिजे.

डेकवर लाकडी सागवानी पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या असतील तर माझा सल्ला, सोडून द्या. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक आणि खालचं काही दिसत नाही. रेलिंगच्या आणि दोरी घासणाऱ्या कडांना स्टेनलेसची पट्टी वेल्ड केलेली असेल तर बांधणारा जाणकार होता समजा.

आणि पत्र्यावर पत्रा. बाहेरून कुठं चौकोनी उंचवटा दिसला तर जुन्या गळक्या जागेवर ठिगळ लावलंय. नीट दुरुस्ती म्हणजे खराब भाग कापून काढायचा आणि तिथं नवीन बसवायचा. ठिगळाच्या मागे गंज चालूच राहतो.

६. जाडीचा नकाशा

बोट पसंत पडली की ती पाण्याबाहेर काढून, तुमच्या खर्चानं, पूर्ण अल्ट्रासोनिक मोजणी करून घ्या. दहा-वीस ठिकाणची पुरत नाही, शंभर-दीडशे तरी पाहिजेत आणि ती चित्रावर मांडून द्यायला सांगा. आपल्या मापाच्या बोटीला साधारण चार मिलिमीटर बाजूला, पाच-सहा तळाला, तीन डेकला असा पत्रा असतो. मूळ जाडी बांधणाऱ्याच्या कागदावरून कळाली तरच किती गेला ते कळतं. पाव भागाच्या आसपास गेला असेल तर तिथला पत्रा बदलायचा हे साधारण सगळे सर्व्हेयर सांगतात आणि इन्शुरन्सवाले पण तेच मागतात.

एक बारकावा, मीटर रंगाची जाडी पण मोजतं, जर ते रंग वगळून मोजणारं नसेल तर. जाड इपॉक्सीचे थर असले की पत्रा जाड असल्यासारखा दिसतो. सर्व्हेयरला विचारा कुठलं मीटर, रंग घासून मोजलं की कसं.

७. थंडीचं सामान

आपल्याकडे जुलैत भिंतीला ओल येते, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी धरते, तसंच थंड समुद्रात बोटीच्या आत बारा महिने चालतं. भाताच्या टोपावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसं तुमच्या श्वासाचं आणि स्वयंपाकाचं पाणी थंड पत्र्यावर जमतं. म्हणून इन्सुलेशन. वरून खाली पाण्याच्या रेषेपर्यंतच हवं, बिल्ज उघडं आणि रंगवलेलं राहू द्या म्हणजे दिसतं आणि सुकतं. फवारलेला फोम पत्र्याला पक्का चिकटलेला असेल तर छान, सुटलेला असेल तर मागे पाणी. दोन-चार ठिकाणी कापून बघायची परवानगी मागा.

फोमचा दुसरा धोका आग. आमच्या बोटीला खिडकीखालचा पत्रा बदलायचा होता, यार्डनं आतला फोम पुरेसा काढला नव्हता आणि बाहेरून वेल्डिंग सुरू केलं. आत मी एकटा होतो. लाकडी अस्तराच्या फटीतून आधी पिवळट धूर आला, मग एकदम काळा, आणि घसा असा आवळला की शिडी चढताना दोनदा थांबलो. तो धूर विषारी असतो. बादलीभर पाण्यानं विझली, पण मिनिटभर उशीर झाला असता तर केबिन गेली असती. वेल्डिंगच्या जागेच्या चारही बाजूंनी हातभर तरी फोम स्वतः खरवडून काढा, आत माणूस आणि पाण्याची नळी ठेवा, आणि काम संपल्यावर दोन तास तिथून हलू नका.

हीटर: ठिबकणाऱ्या डिझेलवर चालणारा, चिमणीवाला, रेफ्लेक्स किंवा डिकिन्सनसारखा. वीज जवळजवळ लागत नाही आणि कोरडी ऊब देतो. गरम हवा फेकणारे पण चालतात पण ते बॅटरी खातात. कुठलाही लावा, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावल्याशिवाय पेटवू नका.

गॅस: ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. म्हणून प्रोपेनच भरा, आणि प्रत्येक देशाचं सिलेंडरचं तोंड वेगळं, अडॅप्टर जवळ ठेवा. डिझेलचं पण असंच, दक्षिणेकडे उन्हाळ्यात भरलेलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर बुजतात, वर जाऊन तिथलं हिवाळी डिझेल भरा.

इंजिन कूलिंग कील कूलिंगचं असेल, म्हणजे गोडं पाणी हलला चिकटलेल्या पाइपांतून फिरतं, तर सोन्याहून पिवळं. समुद्राचं पाणी आत ओढणाऱ्या इंजिनाचं तोंड बर्फाच्या चुऱ्यानं बुजतं.

नांगर एक नंबर मोठा घ्या, साखळी १० मिलिमीटर, ८० मीटर तरी. आणि किनाऱ्याला बांधायला तरंगणाऱ्या दोऱ्या, १०० मीटरच्या चार, फिरकीवर गुंडाळलेल्या. डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या वाऱ्यात नांगर एकटा पुरत नाही, चिलीच्या पातागोनियात तर दोऱ्या झाडांना बांधल्याशिवाय रात्र काढत नाहीत.

कंपासचं विसरू नका. लोखंडी बोटीत कंपास चुकतो, जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि मोठं वेल्डिंग झालं किंवा बोट हिवाळाभर एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली की परत बदलतो. दर सीझनला तपासा.

८. पैसे आणि कागद

पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या, योजनेतून जातात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, विक्रीचा करार लागतो. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो पण तोपर्यंत अडकतो, म्हणून बजेटमध्ये धरा. सीएला आधी भेटा. आणि बोटीच्या किमतीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामाला बाजूला ठेवा, आम्हाला तेवढी लागलीच.

झेंडा, म्हणजे कुठल्या देशात रजिस्टर करायची, हे सही करण्याआधी ठरवा. बऱ्याच देशांची रजिस्टर तिथल्या रहिवाशांनाच घेतात, त्यामुळे विकणाऱ्याचं जुनं रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर होईल असं धरून चालू नका. या कामाला मात्र वकील किंवा एजंट घ्याच. भारतात आणायचा विचार असेल तर मौजेच्या यॉटवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, कस्टम वेगळं.

मागायचे कागद: विक्रीपत्र, आधीच्या सगळ्या मालकांची साखळी, व्हॅट भरल्याचं मूळ बिल, बांधणीचे ड्रॉइंग, १६ जून १९९८ नंतर बाजारात आलेली असेल तर सीई प्रमाणपत्र (युरोपियन सुरक्षा नियमांत बसते याचं), जुन्या रजिस्टरमधून नाव काढल्याचा दाखला, कर्ज नसल्याचा पुरावा (हॉलंडमध्ये कडास्टर या सरकारी नोंदणी कचेरीच्या जहाज रजिस्टरला बघता येतं), गॅसची तपासणी, रेडिओचं लायसन्स. तुमचे: सेलिंगचं सर्टिफिकेट, व्हीएचएफ रेडिओ चालवायचं सर्टिफिकेट, इन्शुरन्स. इपर्ब बीकन, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र, तुमच्या नावावर आणि नवीन झेंड्यावर परत रजिस्टर करा, जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर संकटात फोन त्याच्या घरी जातो.

दोघात घेत असाल तर लिहून करार करा. आम्ही सख्ख्यासारखे आहोत तरी केला, एक जण बाहेर पडला तर किंमत कशी ठरवायची एवढं जरी लिहिलं तरी पुरे.

९. पहिला सीझन

गोड्या पाण्यातून समुद्रात निघण्याआधी ॲनोड बदला, म्हणजे हलला लावलेले ते धातूचे तुकडे जे स्वतः झिजून पत्रा वाचवतात. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे असतात, खाऱ्यात ते भराभर विरघळतात आणि रंगसुद्धा उचलतात. समुद्राला झिंक. हे कोणी सांगत नाही कारण सगळ्यांना वाटतं तुम्हाला माहीत आहे.

मग डेन्मार्कमार्गे नॉर्वेचा दक्षिण किनारा, बर्गन, आणि दिवस उरले तर वरची लोफोटेन बेटं. पहिल्या वर्षी एवढंच. थंडी ही अंगात मुरवावी लागते, रत्नागिरीत १५ डिग्रीला आपण मफलर काढतो, आणि तिकडे जुलैत पहाटेच्या पाळीला वारा धरून हाताची बोटं चालेनाशी होतात, तेव्हा शिडाची साधी गाठ सुटत नाही. ओल्या हातानं काम करायचे कोळ्यांचे रबरी हातमोजे, आत लोकरीचे, हे महागड्या सेलिंग ग्लोव्हजपेक्षा चांगले. आणि कुळथाचं पीठ न्या. पहाटे चारला गरम कुळथाच्या पिठल्यानं जे अंगात येतं ते पाकिटातल्या सूपनं येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

स्वालबार्ड तिसऱ्या-चौथ्या वर्षी. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्यीन ५०० सागरी मैलांहून जास्त, मध्ये आसऱ्याला फक्त अस्वल बेट. गव्हर्नरच्या ऑफिसला आधी कळवावं लागतं, शोध-बचावाचा इन्शुरन्स दाखवावा लागतो, वस्तीबाहेर उतरताना पांढऱ्या अस्वलापासून बचावाचं साधन लागतं, आणि २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, मार्च ते जून ५००. आणखी वर न्यू-ओलेसुंदला २००८ पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे. आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही.

सीझन संपला की बोट सोडून यायची. आपल्याकडे जूनमध्ये होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, तसंच समजा, फक्त इथं शत्रू गोठणारं पाणी. इंजिनात, संडासाच्या पंपात, नळांत अँटिफ्रीझ फिरवा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. नॉर्वेत ठेवणार असाल तर तिथल्या कस्टमला आधी लिहा आणि त्यांचं लेखी उत्तर बोटीच्या फाइलला लावा, कारण त्यांचे नियम युरोपियन युनियनपेक्षा वेगळे. गाद्या उभ्या करा, सगळी कपाटं उघडी ठेवा. बिल्ज फडक्यानं पुसून कोरडी करा आणि सगळ्या फळ्या उचलून बाजूला रचा, खालचा पत्रा पुढच्या मे महिन्यापर्यंत उघडा राहू दे. प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा, म्हणजे परत आल्यावर मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी धरून बघता येतं कुठं नवीन डाग आला.